पांढरकवड्याला शीड शिवायला

यवतमाळ जिल्ह्यात बोटीचं शीड शिवायला चालले आहे, असं मी हर्णैच्या बंदरावर सांगितलं, तेव्हा माझ्या धाकट्या दिराने हातातलं जाळं खाली ठेवलं आणि विचारलं, "वहिनी, तिकडे पाणी आहे का?" त्याच्याबरोबरच्या दोघांनी पाठ फिरवून हसून घेतलं. त्यांचं तरी काय चुकलं? आम्हा किनाऱ्याच्या लोकांना यवतमाळ म्हणजे कापूस आणि ऊन, यापलीकडे काही ठाऊक नसतं. मलाही नव्हतं, पण मी ते कबूल केलं नाही.

माझे वडील शिडं शिवायचे. आता शिडाच्या होड्या राहिल्या नाहीत, म्हणून मी ताडपत्र्या शिवते, रिक्षांचे हूड शिवते, आणि वर्षा-दोन वर्षांनी एखादा हौशी माणूस वाट चुकल्यासारखा आला तर शीड. आमच्या गावचा एक मुलगा पांढरकवड्याला बँकेत आहे. त्याच्याकडून माझा नंबर घेऊन शेषराव नावाच्या गृहस्थांचा फोन आला. पाटबंधारे खात्यात बोट चालवत होते, आता निवृत्त. एक जुनी लोखंडी शिडाची बोट दुरुस्त करतो आहोत, शीड पाहिजे, म्हणाले. मी माप मागितलं. चार दिवसांनी कागदाचा फोटो आला, त्यावर लिहिलं होतं, 'उंची दोन खाटा आणि एक उशी. रुंदी एक खाट, पण मोठी.'

एवढ्या मापावर शीड शिवायचं तर आधी ती खाट पाहायला जाणं भाग होतं. मी कापडाचा गठ्ठा बांधला, वडिलांचा सुया-दोऱ्यांचा डबा घेतला आणि ऐन मे महिन्यात निघाले. याला शहाणपण म्हणत नाहीत, हे घरच्यांनी मला तीनदा सांगितलं.

रऊफभाईंचं अंगण

रेल्वे आणि एसटीचं रडगाणं गात नाही. पांढरकवड्याच्या बसस्टँडवर उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि डांबर चपलेला चिकटत होतं. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेले एक उंच, वाळके गृहस्थ पुढे आले. त्यांनी नमस्काराच्या आधी माझ्या हातात एक कांदा ठेवला. मला वाटलं, काहीतरी गैरसमज झाला.

"पर्समंदी ठेवा, ताई," शेषराव म्हणाले. "ऊन लागत नाई."

पुढचे नऊ दिवस तो कांदा माझ्या पर्समध्ये होता. ऊन लागलं नाही. कांद्यामुळे की काय ते मला माहीत नाही, पण घरी आल्यावरही तो टाकून द्यायचा धीर झाला नाही.

बोट ज्या अंगणात होती ते रऊफभाईंचं. रऊफभाई कूलर बनवतात. त्या भागात उन्हाळ्यात कूलरवाल्याला जो मान असतो तो आमच्याकडे होळीच्या वेळी पालखीच्या भोयांनाही मिळत नाही. अंगणभर पत्र्याच्या टाक्या, पंखे, कूलरच्या गवताचे भारे. आणि या सगळ्याच्या मधोमध, चार पिंपांवर, अठरा फुटांची एक काळी कुळकुळीत बोट.

तिची हकिकत शेषरावांनी चहा पिता पिता सांगितली. चाळीसेक वर्षांमागे तिकडे धरण झालं तेव्हा पाण्याची खोली मोजायला एका इंजिनिअर साहेबांनी ती बनवून घेतली होती. साहेब कुठल्याशा किनाऱ्यावरचे, त्यांना शिडाचा नाद. डिझेल वेळेवर यायचं नाही, वारा मात्र रोज येतो, असं म्हणून त्यांनी तिला डोलकाठी बसवली आणि शेषराव नावाच्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला वारा वाचायला शिकवलं. साहेब बदलून गेले, इंजिनाच्या बोटी आल्या आणि ही विश्रामगृहामागे बेशरमीच्या झुडपांत पडून राहिली. खात्याने ती भंगारात काढली तेव्हा शेषरावांनी ती घेतली आणि ट्रॅक्टरवर घालून इथे आणली. बूड पार सडलं होतं. रऊफभाईंनी सडका भाग कापून ट्रॉलीचा जाड पत्रा जोडला आणि आतून-बाहेरून डांबर फासलं.

"याच बोटीत बसून मी गावातून निघालो," रऊफभाईंनी सांगितलं. पन्नाशीकडे झुकलेले, ठेंगणे, मिशीवर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पडलेलं एक टक्कल. "पाच-सहा साल का था. अब्बाचा कल्हईचा भाता होता, त्याच्यावर मले बसवलं. बोलले, हिलू नको."

त्यांचं गाव धरणात गेलेलं. वडील तिथे घरोघरची भांडी कल्हई करायचे. म्हणून या कामाचा ते एक पैसा घेत नव्हते, आणि म्हणूनच माझ्या कुठल्याही सूचनेवर त्यांचा विश्वास नव्हता. बोरच्या लोखंडी पाइपची डोलकाठी केली होती, ती बोटीला पहिल्याच झुळकीत आडवी करेल हे त्यांना पटवायला मला अख्खी दुपार लागली. शेवटी मारेगावकडून एक जाडसर बांबू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात पोचले तर बोटीत टँकरचा पाइप सोडलेला, आणि ती काठोकाठ भरत आलेली.

मी ओरडलेच. आमच्याकडे बोट पाण्यात घालतात. इथे पाणी बोटीत घालत होते. भरलेल्या पाण्याच्या वजनाने पिंपावर ठेवलेल्या बोटीचा कणा मोडतो, हे मी तावातावाने सांगितलं. रऊफभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. कूलरची टाकी अशीच तपासतात, ते म्हणाले. आत पाणी भरायचं, बाहेर कुठे टपकतं ते बघायचं, खडूने खूण करायची, पाणी सोडायचं, डाग द्यायचा. पंचवीस वर्षांत त्यांची एक टाकी गळाली नव्हती.

तेवढ्यात बोट टपकायला लागली. आणि मग जे झालं ते मी हर्णैला सांगितलं तर कुणी खरं मानत नाही. त्या गल्लीत नळ चौथ्या दिवशी येतो. पाण्याच्या धारा दिसताच घराघरांतून बाया घागरी, बादल्या, पातेली घेऊन धावल्या आणि प्रत्येकीने एकेका भोकाखाली आपलं भांडं लावलं. एक म्हणत होती माझी धार बारीक आहे, दुसरी म्हणत होती मी आधी आले. मागच्या जोडावरच्या मोठ्या धारेवरून दोघींचं चांगलंच जुंपलं. रऊफभाई खडू घेऊन घागरींच्या मागून वाकत वाकत खुणा करत होते. तासाभरात सतरा भोकं सापडली, कणा मोडला नाही, आणि गल्लीचं दोन दिवसांचं पाणी भरून झालं. आमच्याकडेही लाकडी होडी फळ्या फुगाव्यात म्हणून पाण्यात बुडवून ठेवतात, हे मला तेव्हा आठवलं.

पण उरलेलं पाणी सोडण्यासाठी रऊफभाई बोटीखाली गेले आणि त्यांनी बुडातून एक बूच काढलं, तेव्हा मात्र माझा पुन्हा तोल गेला. बोटीच्या बुडाला त्यांनी दीड इंचाचं भोक पाडून ठेवलं होतं.

"हे काय आहे?"

"पानी सोडाचं भोक. टाकीले असतेच ना, ताई."

"टाकीत पाणी ठेवायचं असतं. बोटीच्या बाहेर ठेवायचं असतं."

"पन आत आलं तं काढाचं कसं?"

बोट दहा मिनिटांत रिकामी झाली. भोक राहिलं. त्याला आट्यांचं पितळी बूच बसवायचं, एवढ्यावर तह झाला.

छपरावरच्या कुरड्या

शेषरावांचं घर धरणाच्या काठच्या गावात. दोन खोल्या, पुढे टिनाचं छप्पर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि दारात रऊफभाईंनीच दिलेला एक कूलर, जो सुरू झाला की घरातले सगळे आवाज बंद होतात. मी तिथेच उतरले होते.

त्यांच्या पत्नी कांताबाई. साठीच्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला मोजक्या. मी शीड शिवायला आले आहे हे ऐकून त्यांनी "हो काय" एवढंच म्हटलं आणि माझ्या ताटात वाढायला लागल्या. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी आणि धरणातल्या मरळ माशाचा लालभडक रस्सा. गोड्या पाण्याच्या माशाला चव नसते हे आम्ही किनाऱ्यावर लहानपणापासून ऐकतो, म्हणतो आणि मानतो. मी तीन तुकडे खाल्ले. मत बदललेलं नाही, पण त्याबद्दल पूर्वीइतक्या मोठ्याने बोलत नाही.

मला जुनं शीड पाहिजे होतं, म्हणजे त्यावरून आकार काढता आला असता. शेषराव घुटमळले. शीड आहे, म्हणाले, पण वापरात आहे. आम्ही शिडीवरून छपरावर गेलो. तिथे जाडजूड कापडाचा एक पिवळट पसारा होता आणि त्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुरड्या आणि मूगवड्या वाळत होत्या.

"सरकवायच्या नाहीत," खालून कांताबाई म्हणाल्या.

मी कुरड्यांच्या मधून गुडघ्यांवर सरकत माप घेतलं. दोन ठिकाणी ठिगळ होतं, टाके बारीक आणि एकसारखे. ते ठिगळ कुणी लावलं, मी खाली येऊन विचारलं. कांताबाईंनी हात वर केला, शाळेत करतात तसा. शिडाचं कापड शिवणाऱ्याचा हात मला लगेच कळतो. माझं अर्धं काम करणारी बाई मला सापडली होती.

संध्याकाळी शेषराव मला धरणावर घेऊन गेले. सकाळभर मुका असलेला वारा पाचच्या सुमाराला उठतो आणि पाण्यावर काळसर पट्टे धावायला लागतात. शेषराव डोळे बारीक करून ते पट्टे बघत होते. त्यांचा एक डोळा गेलेला आहे, दुसराही हळूहळू चालला आहे. डॉक्टरांनी आशा दाखवलेली नाही.

"पुढच्या उन्हाळ्यात मले वारा दिसनार नाई," ते म्हणाले. "म्हून घाई करून राह्यलो."

मग त्यांनी समोर बोट केलं. मधोमध, पाणी उतरल्यामुळे, दगडांचा एक काळा ठिपका वर आला होता. तो पार होता. कांताबाईंच्या गावचा पार, म्हणजे रऊफभाईंच्याही.

लग्न ठरलं तेव्हा पाणी एवढ्या लवकर चढेल असं कुणाला वाटलं नव्हतं. रस्ता बुडाला. तारीख पुढे ढकलायला नवरीचे वडील तयार नव्हते, म्हणून शेषरावांनी आपली वरात याच बोटीतून नेली, आणि नवरीही याच बोटीतून आणली. आठच दिवसांत गाव रिकामं झालं. रिवाजाप्रमाणे नवी नवरी लग्नानंतर लगेच पहिल्यांदा माहेरी जाते, ती मांडवपरतणी. आमच्याकडे त्याला पाचपरतावण म्हणतात. कांताबाईंची मांडवपरतणी राहून गेली. आईवडील नातलगांकडे गेले आणि तिथेच वारले. एक भाऊ होता, तोही गेला.

"तवापासून तिनं या पान्यात पाय नाई टाकला," शेषराव म्हणाले. "दरसाल पार दिसला का मी म्हनतो, चाल, नेतो. मासेवाल्याईची इंजिनाची बोट हाये. नाई म्हनते. रागच हाये तिले पान्याचा. मंग मी इचार केला, ज्या बोटीत आली त्या बोटीत तं येईन."

म्हणजे एवढी वेल्डिंग, एवढं डांबर आणि हर्णैहून मी, हे सगळं एका बाईने एकदा हो म्हणावं म्हणून. पाणी आणखी आठवडाभरात इतकं उतरणार होतं की पाराभोवती नुसता गाळ राहील आणि बोट जवळ जाणार नाही. मी विचारलं, कांताबाईंना हे सांगितलं आहे का? शेषराव हसले. सगळ्या तालुक्याला माहीत होतं, म्हणाले, तिला काय माहीत नसेल? पण ती काही बोलत नव्हती.

शिवण

चार दिवस आम्ही दोघी शीड शिवत होतो. दुपारी बारा ते चार बाहेर पाऊल टाकता येत नाही, म्हणून कूलरसमोर कापड पसरायचं आणि दोन्ही टोकांकडून मध्याकडे यायचं. मी वडिलांचं कातडी हातकवच वापरते. कांताबाईंनी ते घालून पाहिलं, काढून ठेवलं आणि तळव्याला जुन्या साडीचा तुकडा गुंडाळला. त्यांचा टाका माझ्यापेक्षा चांगला होता. मला राग आला, आणि दुसऱ्या दिवशी राग येईनासा झाला.

कूलर चालू असताना ओरडून बोलावं लागतं, म्हणून आम्ही फार बोलत नव्हतो. तिसऱ्या दिवशी वीज गेली. एकदम इतकं शांत झालं की सुई कापडातून जाते त्याचा आवाज ऐकू यायला लागला. मी सरळ विचारून टाकलं, मला आडून विचारायला येत नाही. तुम्हाला पाण्याचा एवढा राग आहे का?

त्यांनी सुई थांबवली. "पान्यावर कायले राग करू? पानी काय मले इचारून आलं?"

"मग जात का नाही? शेषराव दरवर्षी नेतो म्हणतात."

"थेच तं," त्या म्हणाल्या. "नवऱ्यानं नेलं तं थे माहेर कायचं? मांडवपरतणीले मुऱ्हाळी याव लागते. माहेरचं कोनी दारात येते, घ्याले आलो म्हनते, जेवते, मंग बाई निघते. मी काय अशीच जाऊ, फिराले गेल्यावानी?"

माहेरवाशिणीला घ्यायला येतो तो मुऱ्हाळी. आमच्याकडेही भाऊच जातो. पूर्वी होडीने जायचा, आता मोटरसायकलवर जातो. हे मला समजायला हवं होतं. पण शेषरावांना चाळीस वर्षांत समजलं नाही, मला तिसऱ्या दिवशी काय समजणार. मी विचारलं, तुम्ही हे त्यांना कधी सांगितलं का नाही?

"सांगून कोनी मुऱ्हाळी येते काय, ताई? त्यानं आपल्या मनानं याव लागते." मग कापड सरळ करत म्हणाल्या, "भाऊ होता तवा त्याच्याजवळ यायचं भाडं नसे. मंग थो नाई राह्यला. आता कोन येते?"

एवढं बोलून त्यांनी पुन्हा सुई घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या आलं, आणि मी दोरा ओवायचं निमित्त करून खाली बघत बसले. वीज आली. कूलर सुरू झाला.

मला सांगायचं होतं आणि सांगून चालणार नव्हतं. शेषरावांना सांगितलं असतं तर त्यांनी बिचाऱ्यांनी भाड्याने मुऱ्हाळी आणला असता. दुसऱ्या दिवशी मी पांढरकवड्याला गेले, बूच बघायचं आहे असं सांगून. रऊफभाई डाग देत होते. मी बाजूला बसले आणि नुसतं विचारलं, की तुमच्या त्या बुडालेल्या गावात मुलींना सासरहून आणायला कोण जायचं?

"भाऊ जाये," ते म्हणाले. "जिले भाऊ नाई, तिले गावातला कोनीबी. अब्बाही गेलेत दोनतीनदा. भांडे घेऊन फिरायचेच, येता येता पोरीले घेऊन यायचे. गावची पोरगी मंजे सगळ्याईची बहीन ना, ताई."

बोलता बोलता त्यांनी काचेचा मुखवटा वर केला. माझ्याकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं. मग खाली बसले. जळती कांडी हातात तशीच होती, ती त्यांनी मातीत खुपसली.

"या अल्ला," ते हळूच म्हणाले. "मी तिले भाभी म्हनत आलो."

पितळी बूच चांगलं बसलं होतं. ते बघून मी परत आले.

मुऱ्हाळी

बोट ट्रॅक्टरवरून धरणावर आली ती आठव्या दिवशी. पाणी पारापासून बरंच मागे सरकलं होतं. आज नाहीतर नाही, अशी वेळ होती. डोलकाठी उभी केली, शीड बांधलं. शेषरावांनी सकाळी बायकोला नेहमीप्रमाणे विचारलं होतं आणि नेहमीप्रमाणे उत्तर मिळालं होतं. दुपारनंतर ते काठावर जाऊन बसले. निदान एकदा चालवून तरी बघू, जाताना मला म्हणाले.

मी घरी थांबले होते. तीनच्या सुमाराला दारात रऊफभाई आले. पांढरा कडक कुर्ता, डोक्याला टोपी, हातात कपड्यात बांधलेला पितळी डबा. उन्हाने चेहरा तांबडा झालेला. एरवी ते सरळ आत येऊन माठातलं पाणी पीत. आज उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"आपा," त्यांनी हाक मारली, मोठ्या बहिणीला मारतात तशी. "गावाहून आलो. घ्याले आलो तुले."

कांताबाई आतून आल्या, हात पदराला पुसत. त्यांनी रऊफभाईंकडे पाहिलं, मग डब्याकडे. माझ्याकडे पाहिलंच नाही, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. तेव्हा कूलर चालू होता की नाही मला आठवत नाही.

"बाहेर काहून उभा?" त्या म्हणाल्या. "पाय धू. जेवल्याशिवाय निंगता येत नाई."

मग त्यांनी त्या माणसाला जेवू घातलं. आंब्याचा रस, काडीवर वळलेले, शेवयांसारखे सरगुंडे, वर पुन्हा रस, वडे, आणि पुन्हा सरगुंडे. रऊफभाई जेवून आले होते. तरी त्यांनी सगळं संपवलं. शेवटी त्यांना भिंतीला धरून उठावं लागलं. डबा उघडला तेव्हा आत त्यांच्या बायकोने केलेले लाडू होते आणि डब्याला आतून नवी कोरी कल्हई. वडिलांचा भाता कित्येक वर्षांनी बाहेर काढून त्यांनी ती स्वतः केली होती. कांताबाईंनी डब्याच्या आतून बोट फिरवलं. मग ट्रंक उघडून हिरवी साडी काढली आणि आम्हाला आणखी अर्धा तास ताटकळत ठेवलं.

काठावरून शेषरावांनी आम्हाला येताना पाहिलं, म्हणजे काहीतरी हिरवं येताना पाहिलं. "कोन हाये थे?" त्यांनी मला विचारलं.

"कांताबाई. माहेरी चालल्या आहेत," मी सांगितलं. "मुऱ्हाळी आलाय त्यांचा. तुम्ही आज फक्त बोटवाले."

शेषराव रऊफभाईंच्या टोपीकडे, त्या डब्याकडे बघत राहिले. त्यांना किती दिसलं माहीत नाही. पण समजलं, कारण त्यांनी हळूच कपाळावर हात मारून घेतला. मग चपला काढून पाण्यात उतरले आणि बोट धरून ठेवली. कांताबाईंनी पाण्यात पाय टाकला. पाणी घोट्याला लागलं तेव्हा त्या साडी उचलून आत चढल्या आणि डबा मांडीवर घेऊन पुढे बसल्या.

पार

शिडात वारा भरतो तो क्षण मी लहानपणापासून हजारदा पाहिला असेल. पण आम्ही दोघींनी शिवलेल्या त्या कापडाने पोट काढलं, बोट किंचित कलली आणि डांबर फासलेली ती कूलरची बहीण सुळकन पुढे निघाली, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी रऊफभाईंना शाबास म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. त्यांना पोहता येत नव्हतं आणि ते डोळे मिटून दोन्ही हातांनी काठ धरून बसले होते. मी सगळा वेळ त्या पितळी बुचावर पाय दाबून ठेवला होता. शेषराव सुकाणूवर होते. वाऱ्याचा पट्टा यायच्या आधीच त्यांचा हात हलायचा. डोळ्यांनी बघत होते की कातडीने, ते सांगता येणार नाही.

पाराजवळ बोट गाळाला टेकली. रऊफभाई आधी उतरले आणि त्यांनी कांताबाईंना हात दिला. शेषराव उठायला लागले, तर कांताबाईंनी मागे वळून पाहिलं.

"तुमाले कोनी बलावलं?"

शेषराव खाली बसले. बरोबरच होतं, जावई असा बोलावल्याशिवाय जात नाही. मी बुचाच्या निमित्ताने त्यांच्याबरोबर थांबले.

आम्ही बोटीतून बघत होतो. गाळात पायांच्या खुणा करत ती दोघं फिरत होती, मधेच थांबत होती. भिंती कुठेच नव्हत्या. रऊफभाई एका दिशेला हात दाखवत होते, कांताबाई दुसऱ्या. मग कांताबाई एका जागी उभ्या राहून पायाने गाळ चाचपायला लागल्या, डावीकडे, उजवीकडे, आणि एकदम खाली बसल्या. हाताने चिखल उपसायला लागल्या. रऊफभाई टोपीत पाणी आणून ओतत होते. गाळातून दगडी उखळ निघालं, त्यांच्या माहेरच्या घराच्या जमिनीत बसवलेलं. भिंती गेल्या तरी ते जागचं हललं नव्हतं. कांताबाईंनी ते आतून स्वच्छ धुतलं आणि त्यात डब्यातला एक लाडू ठेवला. मग त्याच्याशेजारी मांडी घालून बसल्या आणि रऊफभाईंशी बोलत राहिल्या. काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं. त्या हसत होत्या, एवढं मी शेषरावांना सांगितलं, कारण त्यांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं.

"हसून राह्यली?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

तासभर आम्ही तसेच बसलो. सूर्य खाली आला तेव्हा रऊफभाई गाळातून पचपच करत आले. शेषरावांसमोर उभे राहून त्यांनी ओंजळीने धरणाचं पाणी त्यांच्या पायांवर घातलं आणि गंभीरपणे म्हणाले, "चला, जावईबापू. घर जवळच हाये." शेषरावांना हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांनी आपल्या त्या एका डोळ्याला दुपट्टा लावला.

परत निघायला दिवस मावळतीला टेकला. कांताबाई पुन्हा पुढे बसल्या, आता पाराकडे तोंड करून. बोट सुटली आणि त्या रडायला लागल्या. आधी हळू, मग मोठ्याने, गळा काढून, माहेरहून निघालेली नवरी रडते तशा. लग्नात रडायला वेळच मिळाला नव्हता, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. सगळे भांडी भरण्यात गुंतले होते आणि पाणी ओट्याला लागलं होतं. रऊफभाईंनी या वेळी डोळे मिटले नाहीत. आपाच्या शेजारी बसून राहिले.

धरणाच्या मध्यावर वारा पडला. शीड लोंबायला लागलं. कांताबाईंचं रडणं अजून चालूच होतं. वल्ही शेषरावांच्या पायाशीच होती. त्यांनी ती उचलली नाहीत, आणि मीही आठवण केली नाही.